पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' : दोन रविवार दिले, आत शिरता येत नाहीये

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. माझा भाचा दोन महिन्यांपूर्वी जर्मनीला शिकायला गेला. जाताना "मामा, एवढं सांभाळ" म्हणून रेकॉर्ड प्लेअर आणि बारा-पंधरा एलपी माझ्याकडे टाकून गेला. त्यात पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा हा 'द वॉल' निघाला. पांढऱ्या विटांचं कव्हर, आत दोन तबकड्या. त्यानं जुन्या बाजारातून घेतलेला आहे, कोपरे कुरतडलेले.

मी आयुष्यभर भीमसेनजी, कुमारजी आणि गाडीत किशोर ऐकणारा माणूस. रॉकशी वाकडं नाही, पण सोयरीकही नाही. तरी दोन रविवार नेटानं बसलो. शाळेच्या पोरांचं गाणं कुठेकुठे कानावर पडलेलं होतं. 'कम्फर्टेबली नम्ब'मधली शेवटची गिटार ऐकून तर मी खुर्चीत ताठ बसलो, ते कबूल. पण बाकी सगळं मला एका श्रीमंत माणसाचं रडगाणं वाटलं. बाप लढाईत गेला, आईनं पदराखाली ठेवलं, मास्तरांनी छळलं, बायको दुसऱ्याकडे गेली. बरं मग? आमच्या आळीत अशी दहा माणसं दाखवतो, त्यांनी कुणी जोड-एलपी काढली नाही.

भाचा फोनवर म्हणतो, गायकाचं आयुष्य माहीत असल्याशिवाय हा अल्बम कळायचा नाही. हे मला पटत नाही. मारवा ऐकताना मी बुवांच्या घरची भांडणं विचारत नाही.

तर दोन प्रश्न. एक, खरंच चरित्र वाचून ऐकायचा का? दोन, आतल्या पाकिटावर गाण्यांचे शब्द आहेत त्यात 'हे यू' पार शेवटी छापलंय, आणि वाजतं मात्र तिसऱ्या बाजूच्या सुरुवातीला. शिवाय एका गाण्याचे शब्द आहेत, पण गाणंच नाही. भाच्याच्या गळ्यात डुप्लिकेट माल मारलाय का कुणी?

पावशेर_भजी

डुप्लिकेट नाही हो, ओरिजिनलचाच घोळ आहे तो. रात्री दिवे घालवून हेडफोनवर ऐका. सविस्तर सी_नव्वद लिहितीलच, त्यांना असा धागा दिसला की राहवत नाही.

सी_नव्वद

भजीराव, आलो.

मामा (भाच्याच्या नात्यानं मीही मामाच म्हणतो), तुमची प्रत अस्सल आहे. पाकिटाचा मजकूर पक्का झाल्यानंतर गाण्यांचा क्रम हलला. बॉब एझ्रिन हा निर्मात्यांपैकी एक. तिसरी बाजू उभी राहत नाही असं त्याचं मत पडलं, म्हणून 'हे यू' उचलून तिच्या तोंडाशी आणलं. ते दुसरं गाणं तबकडीवर जागा पुरेना म्हणून गाळलं. ३० नोव्हेंबर १९७९ ला माल दुकानात हवा होता, पाकीट कोण बदलत बसणार? पैशाचीही निकड होती. ज्या सल्लागार कंपनीकडे पैसा गुंतवला होता ती बुडालेली, आणि इंग्लंडचा प्राप्तिकर चुकवायला मंडळी वर्षभर देशाबाहेर राहून फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग करत होती. तुम्ही म्हणता तसा 'श्रीमंत माणूस' त्या वर्षी जरा कडकीतच होता.

आता रडगाणं. तुम्ही पहिल्या बाजूकडून शिरताय. रॉजर वॉटर्स, म्हणजे ज्याच्या डोक्यातून हा अल्बम निघाला तो गायक, जिथून शिरला तिथून शिरून बघा.

६ जुलै १९७७. मॉन्ट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम, दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. एवढ्या मोठ्या मैदानात गाणं ऐकायला कोण येतो? लोक ओरडतायत, फटाके फोडतायत. हा आधीच वैतागलेला. पुढचा एक पोरगा आनंदानं बेभान होऊन मंचापुढच्या जाळीवर चढायला लागला, आणि वॉटर्स त्याच्या तोंडावर थुंकला. ज्यानं तिकीट काढलं, ज्याला ह्यांची गाणी पाठ, त्याच्या तोंडावर. नंतर त्याची त्यालाच शिसारी आली. त्या शिसारीतून कल्पना निघाली की कार्यक्रम चालू असताना आपल्यात आणि लोकांत खरोखरची भिंत बांधायची. १९८०-८१ मध्ये ती बांधलीही, चाळीस फूट उंच. पुठ्ठ्याच्या विटा, गाणी चालू असताना कामगार रचायचे, आणि मध्यंतरापर्यंत बँड दिसेनासा व्हायचा.

सांगायचं एवढंच की सुरुवात 'माझ्यावर काय काय गुदरलं' इथून नाहीये. सुरुवात आहे 'मी हे काय करून बसलो' इथून. बाप, आई, मास्तर हे त्यानं मागाहून शोधलं, घरात काही फुटलं की पोरं कारणं शोधतात तसं. आणि त्यातलं खोटं काहीच नाही. एरिक फ्लेचर वॉटर्स १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत आंझिओला मारला गेला, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. हा बाप आधी युद्धालाच विरोध करणारा, लढायला नकार देऊन लंडनमध्ये रुग्णवाहिका चालवणारा. मग मत बदललं आणि सैन्यात गेला. त्याचं कलेवर सापडलं नाही. मोठ्या झालेल्या पोराच्या मनात हा प्रश्न राहणारच की, बाबा, तुम्हाला घरी बसायची मुभा होती, तरी का गेलात? बापावर थेट लिहिलेलं एक गाणं बाकीच्यांना फारच खासगी वाटलं म्हणून अल्बमातून गळलं, १९८२ च्या चित्रपटात आलं.

तुम्हाला ताठ बसवणारं गाणंही असंच. १९७७ च्याच दौऱ्यात फिलाडेल्फियाला पोटात कळा यायला लागल्या. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, आणि हा हात बधिर झालेल्या अवस्थेत अख्खा कार्यक्रम वाजवून आला. शब्द तिथले. चाल बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर याची, त्याच्या स्वतःच्या अल्बमातून उरलेली. त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं, एकाला वाद्यवृंद हवा, दुसऱ्याला नको. शेवटी दोन्हींचं शिवण घातलंय. कडव्यांखाली वाद्यवृंद आहे, शेवटच्या गिटारीला तो मागे सरतो. शिवण ऐकू येते, बघा.

आता माझं. १९९१, सांगलीला इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर होतो. दुकानदाराकडून सी-९० कॅसेट भरून घेतली होती. ए बाजूला पहिली एलपी, बी बाजूला दुसरी. पहिली एलपी एकोणचाळीस मिनिटांची, कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. म्हणजे ए बाजूला नायकानं स्वतःभोवती रचलेल्या भिंतीची शेवटची वीट बसते, माणूस निरोप घेतो, आवाज कापल्यासारखा थांबतो, आणि पुढे सहा मिनिटं कोरी टेप. नुसती सूंऽऽ. आमच्या डेकचं पुढे पळवायचं बटण मोडलेलं होतं, त्यामुळे ती सूं आम्ही इमानेइतबारे ऐकायचो. मग खट्. मग कुणीतरी उठून कॅसेट उलटायची. वर्षभर मी समजत होतो की ही सहा मिनिटं त्यांनीच ठेवलीत, भिंतीच्या आत असंच ऐकू येत असणार. आता मोबाइलवर ऐकताना 'हे यू' लगेच सुरू होतं ते मला घाई केल्यासारखं वाटतं. मामा, तुम्ही तबकडी बदलायला उठाल तेव्हा जरा रेंगाळा.

तेव्हाही मला ते रडगाणंच वाटायचं, फक्त वीस वर्षांच्या पोराला रडगाणं आवडतं. खरा अल्बम लागला तो २००६ ला. चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटीचा सुपरवायझर. एका शिकाऊ पोरानं माप चुकवलं, लॉट परत आला होता, आणि मी चार लोकांदेखत हातातला मापं घ्यायचा व्हर्निअर त्याच्या टेबलावर भिरकावला. लागला कुणाला नाही. एक जबडा तुटला (व्हर्निअरचा). पोरगा काही बोलला नाही, खाली वाकून तुकडा उचलून त्यानं माझ्या हातात दिला. त्या रात्री बसमध्ये कानात हाच अल्बम होता, आणि चौथ्या बाजूला खटला सुरू झाला. आरोपीच्या पिंजऱ्यात नायक स्वतः. मास्तर, बायको, आई ज्यांच्या नावानं तीन बाजू बोटं मोडली, ते सगळे साक्षीला उभे. आरोप काय, तर ह्यानं भावना दाखवल्या. शिक्षा काय, तर भिंत पाडा, दिसू दे सगळ्यांना. मी पिंपरीचा थांबा चुकवून पुढे गेलो.

तर चरित्र वाचा म्हणत नाही. ती थुंकी तेवढी माहीत असू द्या.

फळा_डस्टर

सी_नव्वद, छान लिहिलंत, पण तुम्ही त्याला फार स्वस्तात सोडलंत.

'मी हे काय करून बसलो' म्हणजे कबुलीजबाबच ना? मग बघा, ह्या कबुलीत बायकांना बोलायला किती वाव आहे. आई म्हणजे गुदमरवणारी, बायको म्हणजे विंचवासारखी, मधेच एक बाई त्याच्या हॉटेलच्या खोलीत येते ती वस्तू बघून हरखणारी मठ्ठ. कोर्टातसुद्धा त्यांना बोलायला लावलंय ते नकला करून. कबुली द्यायची तर समोरच्याला स्वतःच्या आवाजात बोलू द्यावं. नुसता पिंजऱ्यात उभा राहिला म्हणून माफ नाही करायची मी.

दुसरं, मास्तरांचं. मी तेवीस वर्षं माध्यमिकला शिकवते. मागे स्नेहसंमेलनात नववीच्या पोरांनी शाळेच्या पोरांच्या त्या गाण्यावर नाच बसवला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे बोट करून नाचले. बोट करणाऱ्यांत एक जण असा होता की ज्याला मी सुट्टीत घरी बोलावून बीजगणित शिकवत होते. हसावं का रडावं! मग वाचायला गेले तर कळलं की वॉटर्सचे आईबाप दोघंही शिक्षक. हे तो गाण्यात कुठे सांगतो? आणि ते कोरस गाणारी मुलं लंडनच्या इझ्लिंग्टन ग्रीन शाळेतली. त्यांना स्टुडिओत घेऊन गेला तो त्यांचा संगीताचा मास्तरच. शिक्षणच नको म्हणणारं गाणं एका शिक्षकाच्या उत्साहामुळे उभं राहिलंय. मुख्याध्यापिका खवळल्या, मुलांना टीव्हीवर दिसू दिलं नाही. मुलांना त्यातून नंतर काही मिळावं यासाठी पुढे पंचवीसेक वर्षांनी मानधनाचा दावा करावा लागला.

पण हेही सांगते. तेच गाणं दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांनी १९८० मध्ये शाळांवरच्या बहिष्कारात उचललं, आणि तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली. तिथे ते अगदी खरं होतं. माझ्या वर्गात नव्हतं. (असं मला वाटतं. नववी ब ला विचारा.)

सी_नव्वद

बाई, विंचवाचं मान्य. चित्रांमध्येही जेराल्ड स्कार्फनं तिला तशीच काढलीय. आणि तुमच्या पहिल्या मुद्द्याला मी उलट पुरावाच देतो. भिंतीवर एवढी गाणी लिहीत असताना हा गृहस्थ प्रत्यक्षात काय करत होता? रिचर्ड राइट, पहिल्यापासूनचा कीबोर्डवाला, त्याचं लग्न मोडायला आलेलं, स्टुडिओत फारसं काही सुचत नव्हतं. वॉटर्सनं त्याला बँडमधून काढायला लावलं. नंतरच्या कार्यक्रमांत राइट पगारी वादक म्हणून उभा. मजा अशी की त्या भिंतीच्या खर्चानं कार्यक्रम तोट्यात गेले, तो बाकी तिघांनी सोसला, आणि पगारी राइट तेवढा पैसे कमावून घरी गेला. म्हणजे माणूस सुधारला वगैरे माझं म्हणणं मुळीच नाही.

पावशेर_भजी

मी फेब्रुवारी २००७ ला मुंबईत बीकेसीच्या मैदानात ऐकलंय वॉटर्सला. माझ्या शेजारचा माणूस अख्खा वेळ फोनवर "अरे आवाज येतोय का" एवढंच बोलत होता. थुंकावंसं मलाही वाटलं होतं. अवांतराबद्दल क्षमस्व.

दुपारचा_चहा

सर्वांचे आभार. काल तिसरा रविवार. चौथ्या बाजूपासून सुरुवात केली, आधी खटला, मग मागे. सगळंच आवडलं असं नाही. बाईंशी सहमत, त्या आईच्या गाण्यात मला आईपेक्षा पोराचीच किरकिर जास्त ऐकू आली. शिवण मात्र ऐकू आली. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा सापडली, आता तीच ऐकू येते.

एक शंका राहिली. चौथ्या बाजूच्या अगदी टोकाला, सगळं कोसळल्यावर, एक बारीकशी सुरावट वाजते आणि कुणीतरी हळूच काहीतरी पुटपुटतं. वाक्य मध्येच तुटतं. तबकडी खराब आहे का?

सी_नव्वद

तबकडी ठीक आहे. पहिली तबकडी लावा, पहिली बाजू, आवाज पूर्ण वाढवा. गडगडाट सुरू व्हायच्या आधी नीट कान द्या. मग आवाज लगेच कमी करा, नाहीतर शेजारी येतील.

दुपारचा_चहा

आवाज कमी करायला उशीर झाला. बायको स्वयंपाकघरातून पळत आली.

पण ऐकलं. उरलेलं अर्धं वाक्य तिथे आहे. तीच सुरावट. भाच्याला लगेच जर्मनीत फोन करून सांगितलं. त्याला माहीत नव्हतं!