पी-१४ ची गाडी रात्रभर जागी

ए-१०३ सबनीस काकू: पी-१४ वाल्यांनी कृपया लक्ष द्यावे. गाडी बंद, दारं लॉक, आत निळा दिवा लुकलुकतोय. सोमवारसारखं धक्का मारायला वॉचमनला पळवू नये.

बी-४०२ आदित्य: काकू, डॅशकॅम आहे, काचेवरचा रेकॉर्डिंग कॅमेरा. पार्किंग मोड. कोणी घासून गेलं तर रेकॉर्ड होतं.

सी-२०१ पेंडसे: कोण घासून गेलं ते मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय. विषय उकरू नये.

डी-१०१ काळे: स्टिल्टमधली ट्यूब कधी बदलणार?

बी-४०२ आदित्य: चावी काढली तरी काही गाड्यांत सॉकेट चालू राहतो. सोय म्हणूनच देतात ना?

सी-५०४ मोहिते: सोय वेगळी. काही गाड्यांत काच आणि स्टिरिओ चावी काढल्यावर थोडी मिनिटं चालतात, दार उघडलं की बंद. तो टायमर. रात्रभर चालू म्हणजे थेट बॅटरीची लाइन. कॅमेरा पाव अँपिअर ओढतो धरा. दिवसाला ६ एएच, म्हणजे अँपिअर-तास. ३५ एएचची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. बंद गाडीने एकूण ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला हवं.

सी-२०१ पेंडसे: म्हणजे चोर येईपर्यंत बॅटरीच गेलेली.

बी-४०२ आदित्य: 🙏 काका, माझ्याकडे कटऑफवालं किट आहे. बॅटरी उतरली की कॅमेरा आपोआप बंद.

सी-५०४ मोहिते: कटऑफ किती व्होल्टवर? ११.६ वर असेल तर कॅमेरा वाचेल, स्टार्टर नाही. १२.४ ठेव, फार तर १२.२. तासन्‌तास उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.
आणि किटच्या वायरी बघ. पिवळी कायम चालू फ्यूजवर, लाल चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर, काळी बॉडीच्या, रंग न लागलेल्या बोल्टवर. पिवळी-लाल एकत्र जोडल्या तर कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालूच आहे, पार्किंग मोड लागतच नाही. स्टिरिओवालेही हाच उद्योग करतात. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

डी-१०१ काळे: स्टिल्टमधली ट्यूब कधी बदलणार??

सेक्रेटरी: हा ग्रुप सूचनांसाठी आहे. काळे साहेब, टेंडर निघालंय.

सी-२०१ पेंडसे: एका ट्यूबला टेंडर!

ए-१०३ सबनीस काकू: पण खरंच वीज जातेय हे कळायचं कसं? आमच्याही गाडीला तसला कॅमेरा आहे.

सी-५०४ मोहिते: काकू, मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, वायर आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडायचा. बॉनेट उघडं, पण लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करायची, नाहीतर गाडी झोपत नाही. चावी घरात. अर्धा तास थांबून आकडा बघायचा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त आला तरी फ्यूज उपटत बसू नका, त्याने मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कंप्यूटर, जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजा. शून्याच्या वर दिसलं त्या लाइनवर वीज जातेय, चोर तिथेच शोधा.

बी-४०२ आदित्य: खाली जाऊन बघितलं. पिवळी-लाल एकाच फ्यूजवर आहेत 😐 मल्टिमीटर कोणाकडे आहे?

सी-२०१ पेंडसे: तुझ्याकडे. गणपतीत माझा नेलास.

डी-१०१ काळे: स्टिल्टमधली ट्यूब???