रोजच्या कामात आठवणारा चित्रपट : अनुभव धागा

आवडत्या चित्रपटांच्या याद्या आपण पुष्कळ करतो. या धाग्यात यादी नको आहे. एखादा चित्रपट पाहून बराच काळ लोटतो, त्याचे कथानक अर्धेअधिक विसरले जाते आणि तरीही भाजी निवडताना, गाडीची वाट पाहताना किंवा दवाखान्यात नंबर लावून बसलेले असताना त्यातला एखादा प्रसंग आपसूक डोळ्यांपुढे येतो. अशा चित्रपटाविषयी आणि त्या प्रसंगाविषयी लिहावे, अशी विनंती आहे. परीक्षण नको, कलाकारांची जंत्रीही नको. तो प्रसंग आपल्या कोणत्या कामाशी जोडला गेला, एवढे मात्र नेमके सांगावे.

सुरुवात मी करते. मी एका रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रांचे काम पाहते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) कोकणातले आजोबा नातवाला शहरात आणतात आणि तिथे कळते, की मुलाच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेआधी ही गोष्ट मुलाला सांगितलीच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो आणि ती सांगायची कशी, यातच आजोबांचा जीव अडकतो. अरुण नलावडे यांनी त्या म्हाताऱ्याचे घुटमळणे फार संयमाने उभे केले आहे. माझ्या टेबलासमोर रोज अशीच माणसे उभी राहतात. सही कुठे करायची हे विचारण्याआधी त्यांना काहीतरी वेगळेच विचारायचे असते, हे मी त्या चित्रपटामुळे ओळखायला शिकले. आता मी आधी खुर्ची पुढे करते, पाणी देते आणि कागद नंतर काढते.

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. यंत्रशाळेत कामाला.

आमचे घराणे लोहाराचे. कागल तालुक्यातल्या गावी आजोबांचा भाता होता आणि वडिलांनी तो बंद करून कोल्हापुरात लेथवर काम धरले. त्यामुळे भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) आमच्या घरात चित्रपट म्हणून कमी आणि घरची हकिगत म्हणून अधिक पाहिला गेला. गावातले लोहार जोडपे शहराच्या ओढीने कोल्हापुरात येते आणि पुढे त्याचे जे हाल होतात, ते पाहताना आजी दर वेळी अस्वस्थ होत असे. त्यातले ऐरणीच्या देवाचे गाणे महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. जगदीश खेबुडकरांनी ते लिहिले आणि लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने त्याला चाल दिली, हेही बहुतेकांना ठाऊक असेल. मला त्यात मोलाचे वाटते ते असे, की ते गाणे भट्टीपुढे राबताना म्हटले आहे आणि त्यात कामालाच पूजा मानले आहे. खंडेनवमीला आम्ही आजही लेथ पुसून काढतो, व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने आणि नट आवळायचे पाने मांडून त्यांना हळदकुंकू वाहतो आणि त्या सगळ्यांच्या मध्ये आजोबांची सांडशी ठेवतो. तिचा आता काही उपयोग नाही. पण तापलेले लोखंड लाल असताना ठोकायचे की पिवळसर झाल्यावर, हे आजोबा रंगावरून सांगत, आणि ती नजर सांडशीसकट आमच्याकडे आली आहे, असे मी मानतो.

न्यू जर्सी. मूळ गाव मिरज.

माझा चित्रपट मराठी नाही; परंतु परदेशात राहणाऱ्या मराठी घरांइतका तो फार थोड्यांना लागू पडत असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’मध्ये (१९५३) ओनोमिचीसारख्या दूरच्या गावात राहणारे वृद्ध आईवडील मुलांना भेटायला टोकियोला जातात. चित्रपटाच्या आरंभी दोघे सामान भरत असतात. हवेची उशी सापडत नाही. वडील म्हणतात, ती तुझ्याकडे दिली होती. आई म्हणते, माझ्याकडे नाही. आणि थोड्या वेळाने ती वडिलांच्याच सामानात निघते. माझे आईवडील इथे सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा निघण्यापूर्वी आठवडाभर दूरध्वनीवर हेच संवाद चालतात. भाजणी कोणत्या बॅगेत आहे, मेतकुटाची पुडी वरच्या कप्प्यात ठेवली की खालच्या, आणि काट्याला अडकवून बघितलेले वजन तेवीस किलोच्या आत बसते की नाही, यावरून दोघांची तासन् तास चर्चा होते.

पुढे टोकियोत काय होते? मुले वाईट वागत नाहीत, आणि ओझूंचे थोरपण मला इथेच दिसते. थोरला मुलगा डॉक्टर आहे; रविवारी सगळ्यांनी बाहेर जायचे ठरलेले असते आणि ऐन वेळी रुग्णासाठी त्याला जावे लागते. मुलीचे केशभूषेचे दुकान आहे. तिच्या नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई आणली, तर एवढी महाग कशाला आणायची, म्हणून ती कुरकुरते. शेवटी भावंडे मिळून आईवडिलांना अतामीच्या उष्णोदकाच्या ठिकाणी पाठवतात. तिथल्या गोंगाटात त्या दोघांना झोप लागत नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा पत्नी नोरिको मात्र कार्यालयातून रजा काढून त्यांना शहर दाखवायला नेते. बाकीच्यांना वेळ नसतो, एवढेच. कॅमेरा बहुधा जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठेवलेला असतो, त्यामुळे आपणही त्यांच्या घरात खाली बसून हे सारे पाहतो आहोत, असे वाटत राहते आणि कोणालाही दोष देऊन मोकळे होता येत नाही.

माझ्याकडेही नायगारा आणि वॉशिंग्टनच्या सहली आधी आखलेल्या असत. आता आईवडील आले, की मी आठवड्यातला एक कामाचा दिवस रजा घेतो आणि त्या दिवशी कुठेही नेत नाही. वडील माझ्याबरोबर किराणा आणायला येतात, फळांच्या दुकानात आंब्याची पेटी उघडून वास घेतात आणि भाव रुपयांत मांडून बघतात. दुपारी आई तिच्या पद्धतीने पिठले करते. चित्रपटातली आई नातवाला घेऊन गवताच्या उंचवट्यावर जाते आणि मोठेपणी तू कोण होणार, तेव्हा मी असेन का, असे त्याच्याशी बोलत राहते. नातू खेळण्यात गढलेला असतो. माझी मुलगी आजीशी बोलते ते अर्धे इंग्रजीत असते. पण ती बोलते, आणि तेवढ्यासाठी त्या वेळी घरातला दूरचित्रवाणी संच बंद ठेवायचा, हा नियम आम्ही पाळतो.

रत्नागिरी.

थोडक्यात लिहिते. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’, आईच्या बदलीमुळे कोकणातल्या नव्या गावी आलेल्या मुलाची गोष्ट. माझे वडील बँकेत होते आणि दर तीन-चार वर्षांनी बदली होत असे. नव्या वर्गात मधल्या सुट्टीत डबा कोणाजवळ बसून खायचा, हा प्रश्न ज्याने अनुभवला आहे, त्यालाच त्या मुलाचा पहिल्या दिवसांतला चेहरा पुरता कळेल. माझ्याकडे शिकवणीला नवीन मूल आले, की मी त्याला पहिल्या दिवशी नाव, गाव विचारत बसत नाही. कोणाच्या तरी शेजारी बसवते आणि कामाला लावते.

ठाणे. जिल्हा न्यायालयात वकिली करते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला (२०१४) व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तेव्हा आमच्या बार रूममध्ये त्याची बरीच चर्चा झाली होती. अनेकांना तो संथ वाटला. मला मात्र पडद्यावर प्रथमच आमचे न्यायालय दिसले. टेबलावर हात आपटणारे वकील नाहीत, टाळ्यांची वाक्ये नाहीत. पुकारा होतो, कागद मागितला जातो, तो आणलेला नसतो आणि पुढची तारीख पडते. साक्षीदार आपल्या शब्दांत काही सांगतो आणि न्यायाधीश ते टंकलेखकासाठी कायद्याच्या भाषेत सांगतात. त्या दोन वाक्यांमधले अंतर आम्ही रोज ऐकतो, इतके की पुढे ते ऐकू येईनासे होते.

एका लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. त्या कामगाराच्या पत्नीची साक्ष मी कधीही विसरणार नाही. तो आत उतरण्यापूर्वी गटारात खडा टाकत असे आणि झुरळ बाहेर आले तर खाली हवा आहे, असे समजून उतरत असे. ती हे अगदी साध्या आवाजात, विचारले तेवढेच सांगते. सुरक्षेचे साहित्य काय होते, या प्रश्नाचे सगळे उत्तर त्यात आले आहे.

त्याच चित्रपटात सरकारी वकील बाई काम संपवून लोकलने घरी निघतात, शेजारणीशी साड्यांविषयी आणि स्वयंपाकाच्या तेलाविषयी बोलतात, मुलाला पाळणाघरातून घेतात आणि घरी पोहोचताच कणीक मळायला घेतात. गीतांजली कुलकर्णी यांनी ही बाई इतकी ओळखीची केली आहे, की दिवसभर त्यांनी न्यायालयात कोणता कायदा वाचून दाखवला, हे क्षणभर आपल्याही मनातून जाते. माझा दिवसही असाच संपतो. त्यामुळे उलटतपासणीच्या आदल्या रात्री टिपणे काढताना मी समोरच्या साक्षीदाराचा दिवस कसा जात असेल, तो कोणत्या गाडीने येणार आणि त्याची रोजंदारी बुडणार आहे का, याचा विचार करते. फेरतारीख मागण्याची वेळ आली, तर निदान आदल्या दिवशी कळवण्याची मी धडपड करते. ते नेहमी जमते असे नाही. परंतु अशिलांमध्ये रोजावर काम करणारे किती आहेत, याची नोंद आता माझ्या डायरीत असते.

सोलापूर. निवृत्त परिचारिका.

वरील अनुभव वाचून मला दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’विषयी (१९३६) लिहावेसे वाटले. सगळे तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांविषयी बोलतात आणि ते योग्यच आहे. पण मला त्या चित्रपटात जिजाई दिसते. गौरी या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. घरात धान्य नाही, मुले भुकेली आहेत, नवरा विठ्ठलाच्या नामात दंग आहे आणि म्हशीपासून चुलीपर्यंत सगळा व्याप या बाईच्या गळ्यात आहे. मुलगा आजारी पडतो, तेव्हा ती त्याला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात जोडा घेऊन थेट देवळात जाते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. पाखंडी म्हणून कोणी तिची निंदा करावी, असे चित्रपटाने तिला चितारलेले नाही. ती डोंगरावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन जाते, त्याला रागावते आणि समोर बसून जेवायला घालते. तिचा राग आणि तिची माया एकाच घासात येतात.

माझे यजमान समाजकार्यात होते आणि आमच्या घरी महिनाअखेर कशी येत असे, हे मीच जाणते. त्यांच्या कामाविषयी मला पूर्ण आदर होता आणि आहे. परंतु त्यांच्या सत्कारांच्या भाषणांत घर कोणी चालवले, हे क्वचितच निघाले. रात्रपाळीहून आल्यावर मी पीठ चाळता चाळता जिजाईला आठवत असे आणि मला बरे वाटत असे, कारण नव्वद वर्षांपूर्वीच्या एका चित्रपटाने माझी बाजू पुरी ऐकून घेतली होती. प्रभातचा तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवला गेला, हे वाचले तेव्हा त्या परदेशी परीक्षकांना जिजाईची भाषा कळली नसली तरी तिचा जोडा नक्कीच कळला असेल, असे मला वाटले.

सोलापूर जिल्हा. प्राथमिक शिक्षक.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) शाळेजवळ डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना राष्ट्रगीत सुरू होते. डुकरे पकडणाऱ्या घरातला शाळकरी मुलगा जब्या आणि त्याच्या घरची माणसे जागच्या जागी उभी राहतात आणि हाताशी आलेले डुक्कर निघून जाते. त्यानंतर पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ती माणसे शाळेच्या भिंतीजवळून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र असते. आमच्याही शाळेच्या भिंतीवर तीच चित्रे आहेत, आणि त्यांना दर वर्षी मीच रंगाचा नवा हात देतो.

आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची आणि शेळ्या राखणाऱ्यांची मुले आहेत. परिपाठाला उशीर झालेल्यांनी फाटकाबाहेर थांबायचे, ही पद्धत अनेक शाळांमध्ये पूर्वापार चालत आलेली आहे आणि आमच्याकडेही होती. रोज बाहेर थांबणारी मुले जवळजवळ तीच असत. सकाळी पाणी भरून, धाकट्या भावंडाला आजीकडे सोडून ती येत. चित्रपट पाहून आल्यावर आम्ही शिक्षकांनी एकत्र बसून हा विषय काढला आणि पालकसभेत मांडला. आता परिपाठ चालू असताना फाटक उघडे असते. उशिरा आलेले मूल आत येऊन रांगेत शेवटी उभे राहते, राष्ट्रगीत चालू असेल तर फाटकातच सावधान उभे राहते आणि मग आपल्या वर्गात जाते. बातम्या वाचून दाखवण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने ठरलेली असल्यामुळे ती पाळी या मुलांनाही मिळते. पाळी चुकली, तर ती दुसऱ्या दिवशी देतो.