१९६७ च्या टॉप्स बेसबॉल सेटची शेवटची कार्डं कशी मिळवू? मदत हवी आहे

मंडळी, इथे जुनी बेसबॉल कार्डं जमवणारं कोणी आहे का? नाण्यांचे आणि पोस्टाच्या तिकिटांचे धागे बरेच दिसले, हा विषय कुठे दिसला नाही म्हणून नवीन धागा काढतोय. तिकिटंवाल्यांनीही सल्ला द्या, कारण दुखणं शेवटी तेच आहे, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

मी बॉस्टनच्या बाहेर राहतो. शेजारचे आजोबा घर विकून फ्लोरिडाला लेकीकडे गेले, जाताना त्यांची लहानपणची १९६७ ची टॉप्स कंपनीची बेसबॉल खेळाडूंची कार्डं मला देऊन गेले (फुकट नाही हं, पैसे घेतले, पण रास्त घेतले). इकडे ६७ हे वर्ष फार हळवं आहे. आदल्या वर्षी रेड सॉक्स (बॉस्टनची टीम) दहा टीममध्ये नववे आणि ६७ ला थेट सीझनच्या शेवटच्या दिवशी लीग जिंकले, पुढे वर्ल्ड सिरीज सेंट लुईसकडून सातव्या मॅचला हरले तरी म्हातारी माणसं अजून त्याबद्दल बोलताना थांबत नाहीत. त्यांच्या यास्ट्रेम्स्कीने त्या वर्षी ट्रिपल क्राऊन घेतला (म्हणजे फलंदाजीच्या तिन्ही मुख्य आकड्यांत लीगमध्ये पहिला), नंतर २०१२ ला काब्रेराने घेईपर्यंत कोणालाच जमलं नव्हतं. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस पण या नादाला लागलो तो लागलोच.

तर सेट एकूण ६०९ कार्डांचा. आजोबांच्या खोक्यात ५३३ पर्यंतची जवळजवळ सगळी होती आणि ५३४ पासून पुढे एकही नाही! मला आधी वाटलं कोणीतरी काढून घेतली असतील. मग कळलं की तेव्हा टॉप्स पूर्ण सेट एकदम बाजारात आणत नसे, सीझनभर थोड्या थोड्या सिरीज यायच्या, आणि सातवी म्हणजे ५३४ ते ६०९ ही ७६ कार्डं अगदी शेवटी आली. तोवर सप्टेंबर, शाळा सुरू, दुकानदार फुटबॉलची कार्डं मागवायला लागलेले, कोण घेणार. आजोबांना फोनवर विचारलं तर तेही हेच म्हणाले, शाळा सुरू झाली आणि आईने पैसे देणं बंद केलं. ही भानगड १९७३ पर्यंत चालू होती, ७४ पासून सगळी कार्डं एकदम यायला लागली. ५२ च्या सेटचं तर विचारूच नका, मँटल या मोठ्या खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड त्या सेटच्या शेवटच्या सिरीजमधलं, न खपलेला माल कंपनीने पुढे बार्जवर घालून समुद्रात बुडवला असं कंपनीच्याच माणसाने सांगितलंय, आणि मँटलच्या त्या कार्डाची एक प्रत २०२२ ला १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आपली तेवढी झेप नाही.

त्यामुळे गंमत अशी की ज्या खेळाडूचं नाव त्याच्या गल्लीतही कोणाला आठवत नसेल त्याचं ५९० च्या आसपासचं कार्ड हे सुरुवातीच्या बऱ्याच नावाजलेल्या लोकांपेक्षा महाग. हळूहळू करत मी सातवीतली बरीच जमवली, कॅर्यूचं रुकी (५६९, रुकी म्हणजे खेळाडू नवखा असतानाचं पहिलं कार्ड) पण मिळालं, एक कोपरा गोल झालाय, चालतंय. आता राहिलीत ती अशी: ५६० बनिंग, ५७० मॉरी विल्स, ५८० कोलाव्हितो, ५८१ सीव्हरचं रुकी, ६०० ब्रूक्स रॉबिन्सन, ६०४ रेड सॉक्सचं टीम कार्ड (बॉस्टनमध्ये राहून हेच नाही, आणि इथले डीलर याच कार्डाला जास्त भाव सांगतात, स्वाभाविक आहे म्हणा) आणि ६०९ टॉमी जॉन.

शिवाय चेकलिस्टची, म्हणजे सिरीजमधल्या कार्डांची टिक करायची यादी असलेली कार्डं. ती आहेत, पण आजोबांनी प्रामाणिकपणे पेन्सिलने टिक केलीयेत. कोरी चेकलिस्ट शोधायला गेलं की समजतं, तेव्हाची सगळीच पोरं प्रामाणिक होती.

आता माझे प्रश्न. एका डीलरकडे सातव्या सिरीजची तीसेक कार्डं एकत्र मिळतायत, त्यात मला हवी असलेली चार आहेत, बाकी डबल होतील. लॉट घेऊन उरलेली विकावी की एकेक घ्यावं? दुसरं, माझा सेट एकूण मध्यम आहे, कोपरे मऊ, कुठे रबरबँडची खाच, कुठे मागे च्युइंगमच्या पाकिटाच्या मेणाचा डाग, मग अशा सेटमध्ये स्लॅबमधलं (तपासून, ग्रेड देऊन कडक प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं) चकचकीत सीव्हर घालून काय करायचं? ते बायंडरच्या खिशात बसणारही नाही. रॉ, म्हणजे स्लॅबशिवाय सुटं घ्यायचं तर खोटं निघायची भीती. बायको म्हणते कलर प्रिंट काढून लाव, कोण बघायला येतंय.

प्रतिसाद:
लॉट घ्या, पण भाव करताना फक्त तुमच्या चार कार्डांचा हिशोब डोक्यात ठेवा. डबल विकू म्हणतो आपण, आणि मग ती वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये राहतात. त्यापेक्षा डबल कार्डं बदलून घ्या. सातव्या सिरीजचं कार्ड हातात असलं की ६७ चा सेट करणारा माणूस पैशापेक्षा अदलाबदलीला पटकन तयार होतो, कारण त्यालाही तीच अडचण आहे.

प्रतिसाद:
कॅनडाची ओ-पी-ची कार्डं बघितलीत का? दिसायला अगदी तशीच असतात, कधीकधी स्वस्त मिळतात.

धागाकर्ता:
बघितली हो, पण त्यांचा ६७ चा सेट १९६ वरच संपतो. जिथे मला गरज आहे तिथे ते पोचलेच नाहीत.

प्रतिसाद:
मी शिकागोजवळ असते, आमच्या घरी हा आजार मुलाला आहे त्यामुळे नाइलाजाने बरंच कळतं. सीव्हर रॉ घेणार असाल तर ऑनलाइन नको, कार्डांच्या शोमध्ये हातात घेऊन बघा. दागिन्यांचं भिंग न्या. फोटोचा भाग ठिपक्यांनी बनलेला दिसला पाहिजे, पण काळी अक्षरं सलग, भरीव पाहिजेत. अक्षरांतही ठिपके दिसले तर ते कशावरून तरी स्कॅन करून छापलंय. आणि तुमच्याकडचं त्याच सेटमधलं एखादं साधं कार्ड बरोबर न्या, वर ठेवून मापा, अडीच बाय साडेतीन इंच. कडा कापून कोपरे टोकदार केलेली कार्डं खूप असतात, एका बाजूने केसभर कमी भरतं. जाडी आणि पुठ्ठ्याचा रंगही तिथेच कळतो. हे सगळं करायचा कंटाळा असेल तर कमी ग्रेडचं स्लॅबमधलं घ्या आणि सर्टिफिकेट नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का बघा, खोटे स्लॅबपण निघालेत. अजून एक, शोच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा. डीलरला खोकी परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असतो. रोझमाँटला नॅशनल हा कार्डांचा मोठा शो भरतो तेव्हा आम्ही हेच करतो, यादी छापील न्या, फोनवर दाखवू नका, कागद त्यांच्याकडे राहतो आणि नंतर ईमेल येते.

प्रतिसाद:
पुण्याहून. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तिकिटं जमवतो. आमच्याकडे सरळ पद्धत आहे, फाटकं, डागाळलेलं का असेना, आधी जागा भरायची. मग निवांत चांगलं मिळालं की बदलायचं. रिकामी जागा डोळ्यासमोर असली की माणूस घाईत जास्त पैसे देतो, हा स्वानुभव. सीव्हर का कोण ते क्रीज पडलेलं मिळत असेल तर घेऊन टाका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पुणेकर काका, पटलं. ताई, भिंगाचं माहीत नव्हतं, मागवतो, आणि शेवटच्या दिवसाची युक्ती तर झकासच. डीलरशी बोललो, लॉटमधून फक्त चार काढून द्यायला तयार नाही, पण माझ्याकडची आधीच्या सिरीजमधली डबल कार्डं बदल्यात बघायला तयार झालाय, त्यात मेज आणि क्लेमेंटे या नावाजलेल्या खेळाडूंची एकेक आहेत. देऊ का? क्लेमेंटे द्यायचं जिवावर येतंय खरं. शिवाय ५८० कोलाव्हितो त्या लॉटमध्ये नाहीये, कोणाला कुठे मध्यम अवस्थेत दिसलं तर इथेच लिहा, मागे पेनाने काही लिहिलेलं असलं तरी चालेल.