सलाईन लावत नाहीत म्हणून हॉस्पाइस वाईट? (नागपूर)

वैदर्भी

दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरते आहे. नागपूरबाहेरच्या एका हॉस्पाइसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचं दुखणं शेवटच्या दिवसांत कमी करणाऱ्या शुश्रूषेच्या जागी, लिहिणाऱ्याची मावशी नऊ दिवस होती आणि तिथेच गेली. तक्रार थोडक्यात अशी: सलाईन लावलं नाही, मॉनिटर नाही, डॉक्टर दिवसातून एकदाच येतो, कूलर खडखडतो, ‘नऊ दिवसांत माणूस संपवला’. पाचपैकी एक तारा. खाली लोक लिहितायत, ‘बरं झालं सांगितलं, आता कोणी आपलं माणूस तिकडे नेणार नाही.’

या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. मावशी गेल्याचं दुःख खरं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण जोखायची मापंच चुकीची आहेत, आणि ती वाचून उद्या कोणीतरी आपल्या बापाला तडफडत आयसीयूमध्ये ठेवेल.

माझे बाबा जबड्याच्या कॅन्सरने गेले. आधी बारा दिवस एका खासगी दवाखान्यात होते. एसी, मॉनिटर, सलाईन, सगळं होतं. बाबा रात्रभर कण्हायचे. विचारलं की उत्तर मिळायचं, ‘इंजेक्शन दिलंय, आता सकाळी.’ गालाला आरपार जखम झाली होती. तिचा वास असा की माझा सहा वर्षांचा मुलगा दारातच थबकायचा. बाबांना ते कळायचं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग हॉस्पाइसमध्ये नेलं. पहिल्याच संध्याकाळी सिस्टरने जुनी पट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवून भिजवून सोडवली, ओढली नाही. मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्या दोन चमच्यांमध्ये दाबून त्यांची पूड केली, जखमेवर भुरभुरली, वर ओलं गॉज ठेवलं. सकाळ-संध्याकाळ तेच. तिसऱ्या दिवशी वास जवळजवळ गेला. चौथ्या दिवशी मुलगा पलंगावर चढून आजोबांच्या पायाशी बसला आणि बाबा त्याच्याकडे तोंड करून झोपले. ही गोळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. बारा दिवसांत तिथल्या एकाही डॉक्टरला सुचली नाही.

म्हणून माझे प्रश्न वेगळे आहेत. मॉर्फीन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, ठेवतात का? ते घड्याळ पाहून देतात की पेशंट ओरडल्यावर? मॉर्फीनच्या साध्या गोळीचा असर चार तास टिकतो, म्हणजे दर चार तासांनी द्यायलाच हवी. झोपताना दुप्पट दिली तर मधली एक टाळता येते, एवढंच. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून देतात का? रात्री दोनला कोण जागं असतं? आणि कूस बदलतात की नाही हे कोणाला विचारू नका, चादर बाजूला करून माकडहाड बघा. तिथे काय ते कळतं. कूलरचं नंतर बघू.

भाचा_प्रतापनगर

ती पोस्ट माझी आहे. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली, या मावशीने मला वाढवलं. तुम्ही मला मापं शिकवू नका.

तिचे ओठ सुकून फाटले होते. मी चार वेळा सलाईन लावा म्हटलं, चार वेळा ‘त्रास वाढेल’ हेच ऐकलं. माणसाला पाणी नाही, अन्न नाही, आणि त्याला सेवा म्हणायचं? आमच्या भाषेत त्याला उपाशी मारणं म्हणतात.

दुसरं. आम्ही तिला अल्सर आहे असंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथली काउन्सेलर बाई तिच्याजवळ बसली आणि विचारलं, ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय माहीत आहे?’ त्या दिवसापासून मावशी बोलेनाशी झाली. आठवडाभरात गेली. तुमच्या बाबांचा वास गेला, चांगलं झालं. माझ्या मावशीची उमेद गेली.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, दुखण्याचं काम बरीच वर्षं करतो. सलाईनबद्दल आधी सांगतो. अगदी शेवटच्या दिवसांत शरीर पाणी वापरेनासं होतं. वरून टाकलेलं पाणी पायांत, फुप्फुसांत साचतं, घशातली घरघर वाढते. भूकही जाते. आजार माणसाला नेतो आहे म्हणून तो जेवत नाही. तो जेवत नाही म्हणून जातो आहे, असं नसतं. घरच्यांना हे पटवून देणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे माया म्हणजे भरवणं.

पण भाऊ, ओठ फाटले होते हे तुम्ही लिहिलंत ते मी सोडणार नाही. ती कोरड सलाईनने जात नाही. दर तास-दोन तासांनी ओल्या बोळ्याने तोंड पुसावं लागतं, ओठांना काहीतरी लावावं लागतं. सलाईन न लावणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. ओठ फाटू देणं हा हलगर्जीपणा. तुमची तक्रार बरोबर आहे, बोट चुकीच्या जागी ठेवलंय.

वैदर्भीताई, मॉर्फीनचं विचारायला सांगितलंत ते फार बरं केलंत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दवाखाने इतके धास्तावले की ठेवायचंच बंद झालं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. ती ज्या हॉस्पाइसने घेतलेली नाही, तिथली बाग कितीही सुंदर असो, मी माझं माणूस नेणार नाही.

इतवारीचा_बाप्पा

काय बोलून राहिले तुम्ही सगळे! मॉर्फीन, मान्यता, काउन्सेलर. माणूस आपल्या घरी, आपल्या खाटेवर गेला पाहिजे. तोंडात तुळशीचं पान, गंगाजल, उशाशी पोरं. माझी बुढी अडीच वर्षं खाटेवर होती, कुठं नेली नाही. मायबाप पोराले जड होऊन राहिले म्हणून ह्या संस्था निघून राहिल्या, दुसरं कारण नाही.

सूनबाई_नंदनवन

काका, अडीच वर्षं बुढीचं कोणी केलं? तुम्ही, की काकूंनी? खरं सांगा.

माझ्या सासूबाई पाच महिने अंथरुणावर होत्या. सत्तर किलो वजन. दर दोन तासांनी कूस बदलायला मी एकटी. नवरा ड्युटीवर, दोन्ही नणंदा फोनवरून सांगायच्या, ‘वहिनी, आईला मऊ खिचडी देत जा.’ मे महिन्यात लाइट गेली की कूलर बंद, मी रात्री ओल्या पंचाने त्यांचं अंग पुसत बसायची. तरी पाठीला जखम झालीच. त्या माझा हात धरून म्हणायच्या, ‘पोरी, तू मरशील माझ्याआधी.’ आम्ही त्यांना हॉस्पाइसमध्ये नेलं तेव्हा अख्ख्या बिरादरीत बोभाटा झाला, सुनेने टाकली म्हणून. शेवटचे तेरा दिवस मी त्यांच्याजवळ नुसती बसून होते. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा आम्ही दोघी गप्पा मारल्या.

घरी ठेवा म्हणणाऱ्याने आधी सांगावं, रात्री तीनला ओलं झालेलं कोण बदलणार.

इतवारीचा_बाप्पा

बायकोनंच केलं. मान्य. मी दुपारी दुकान टाकून यायचो, तेही लिहा.

खर्राबंदी

सगळे शेवटाचं बोलताय, सुरुवातीचं कोणीच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा उघड मिळतो. शाळेच्या भिंतीला लागून मिळतो. वैदर्भीताई, तुमचे बाबा खायचे ना?

वैदर्भी

खायचे. तीस वर्षं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे नको.

कळमेश्वरकडचा

भाच्याने आजार लपवण्याचं लिहिलं म्हणून बोलतो. आम्हीही लपवला होता. बाप शेतकरी. लिव्हरला गाठ. आम्ही सांगितलं कावीळ आहे. मे महिन्यात त्याने सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आणायला लावल्या, आम्ही आणल्या. पलंगाशेजारी रचून ठेवल्या, त्याला दिसाव्या म्हणून. तो रोज विचारायचा, पाऊस कधी, मी कधी उठीन. आम्ही सगळे हसून सांगायचो, या नक्षत्रात उठशील. जायच्या आदल्या रात्री माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.’ पुढे काही बोलला नाही.

नंतर समजलं की त्याने शेजाऱ्याकडून हातउसने पैसे घेतले होते, कागद नाही. ते त्याला आम्हाला सांगायचं होतं की नाही, देव जाणे. आम्ही बोलायची वाटच बंद केली होती.

भाचा_प्रतापनगर

तुमचे वडील पुरुष, कर्ते. माझी मावशी साधी बाई होती. तिला सांगून काय मिळणार होतं?

सूनबाई_नंदनवन

साध्या बाईला आपलं मरण कळायचा हक्क नसतो का? हे वाक्य तुम्ही परत वाचा.

निवृत्त_सिस्टर

जरा थांबा सगळे. सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं वॉर्ड सांभाळला आहे. न विचारता, राउंडमध्ये उभ्या उभ्या ‘काकू, कॅन्सर आहे, फार दिवस नाहीत’ असं सांगितलेलंही पाहिलंय. त्या बाईने त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत. म्हणून ‘सांगायलाच हवं’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण भाऊ, त्या काउन्सेलरने तुमच्या मावशीला काही सांगितलं नव्हतं. तिला विचारलं होतं. काय माहीत आहे, किती जाणून घ्यायचंय, हे पेशंटकडूनच ऐकायचं असतं. शिकवतात तसंच तिने केलं. बहुतेक मावशीला आधीच माहीत होतं. रोज स्वतःचं अंग धुणाऱ्या बाईला काय माहीत नसतं?

आता वैदर्भीताई, तुमच्याशीही भांडण आहे. तुम्हाला एक चांगली सिस्टर भेटली, म्हणून तुम्ही सगळ्या हॉस्पाइसना पावती फाडून दिलीत. मागच्या वर्षी मैत्रिणीसाठी अशीच एक जागा रात्री साडेदहाला, न सांगता जाऊन पाहिली. वीस खाटांना एक नर्स आणि एक आया. नर्स दोन महिन्यांपूर्वी लागलेली, मॉर्फीनच्या कपाटाची किल्ली ऑफिसमधल्या माणसाकडे, आणि तो घरी गेलेला. म्हणजे रात्री कोणाला दुखायला लागलं तर सकाळपर्यंत सोसा. संस्था दानावर चालते, लोक सेवाभावी आहेत, सगळं कबूल. सेवाभावाने कपाट उघडत नाही.

वैदर्भी

हे मला लिहायला हवं होतं, सिस्टर. किल्लीचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बाबांच्या वेळी रात्री कोणालाही उठवावं लागलं नाही, म्हणून मी तिथवर विचारच केला नाही. तुमचं म्हणणं घेते. पण मावशींच्या जागेला एक तारा द्यायचा तर तो किल्लीसाठी द्या, ओठांसाठी द्या, मॉनिटर नाही म्हणून नको.

विमेकरी

आमच्या विमा कंपनीने ‘निव्वळ शुश्रूषा, उपचार नाही’ म्हणून दावा फेटाळला. आयसीयूमध्ये ठेवलं असतं तर त्याच्या कितीतरी पट बिल मुकाट्याने भरलं असतं. हेही कोणीतरी लिहून ठेवा.

भूलवाला

खरं आहे, आणि संतापजनक आहे. सांगण्या-न-सांगण्याबद्दल एकच भर घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं की शेवटच्या आजारात कृत्रिम उपचार नकोत असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो, आणि २०२३ मध्ये ते सोपंही केलं, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर चालतं. पण ज्याला अल्सर किंवा कावीळ सांगितली आहे, तो काय लिहिणार? त्याच्या वतीने मग आपण भांडतो, सलाईन लावा, व्हेंटिलेटर लावा. त्याला काय हवं होतं ते कोणालाच माहीत नसतं.

भाचा_प्रतापनगर

सगळ्यांनी मिळून घेरलंय, ठीक आहे. मॉनिटरचं आणि कूलरचं वाक्य काढून टाकतो. ओठांचं राहील. तारा एकच राहील.

आणि एक गोष्ट मी पूर्ण लिहिली नव्हती. मावशी बोलेनाशी झाली, पण माझ्याशी. त्या काउन्सेलर बाईशी बोलायची. शेवटच्या रविवारी मी गेलो तेव्हा ती बाई तिची वेणी घालत होती आणि मावशी तिला काहीतरी सांगत होती. मी आत शिरलो तशी गप्प झाली. काय सांगत होती ते मी त्या बाईला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

कळमेश्वरकडचा

भाऊ, विचारून या. अजून वेळ गेलेली नाही.

हिंगणारोड

मी कालपासून नुसता वाचतो आहे. माझ्या बाबांना उद्या न्यायचं की नाही यावर घरात भांडण सुरू होतं. आज रात्री दहाला मी आणि बहीण न कळवता तिथे गेलो. चौदा खाटा, दोन सिस्टर. कपाटाची किल्ली विचारली तर एकीने गळ्यातला दोरा ओढून दाखवली. रजिस्टर मागितलं, तेही दाखवलं, आठ आणि बाराच्या गोळ्यांपुढे वेळ आणि सही होती. बाराची सही आधीच केलेली होती. मी म्हटलं, अजून दहाच वाजलेत. ती ओशाळली. दुसरी सिस्टर तिला आमच्यासमोरच रागावली आणि ती ओळ खोडायला लावली.

बहीण म्हणते नको. मी म्हणतो नेऊ या, ती दुसरी सिस्टर आहे तोवर. सिस्टर, तुम्ही काय म्हणाल?

निवृत्त_सिस्टर

न्या. पहिल्या तीन रात्री बाराला घरच्यांपैकी एकाने तिथे उभं राहायचं, गोळी तोंडात जाईपर्यंत.