मदत हवी आहे : आश्रयदात्यावरचे प्रेम खरे कसे वाटेल?

जिवाच्या भीतीने घर सोडून पळालेली स्त्री आणि तिला आसरा देणारा सज्जन पुरुष यांच्या प्रेमाची कादंबरी लिहिताना मी मध्यावर अडलो आहे. ती दाराला आतून खुर्ची लावून, चपला न काढताच झोपते आणि तो खोलीची एकमेव किल्ली तिच्या हाती देऊन स्वतः ओसरीवर निजतो, इथवर जमले आहे. तिचा होकार उपकाराची फेड वाटू नये म्हणून तिला आधी स्वतःची मिळकत आणि निघून जाण्याची मोकळीक द्यावी, असे मला वाटते. पण मग पाठलागाचा ताण (कथेचा कणाच तो) सैल पडतो. प्रेमाची कबुली संकट टळण्यापूर्वी यावी की नंतर, आणि पहिले पाऊल तिनेच उचलावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.