डबकं आटलं की टॅडपोल लवकर बेडूक होतात का?

सडेवाला_सातारा
आमच्या गावाच्या वर सडा (खडकाळ पठार) आहे, कासच्या बाजूला. पावसाळ्यात कातळातल्या डबक्यांत टॅडपोल भरलेले असतात. यंदा मधेच पावसानं उघडीप दिली, उथळ डबकी आटत आली तर तिथनं नखाएवढे बेडूक बाहेर पडायला लागले आणि शेजारच्या खोल डबक्यातले अजून शेपटीवरच. जात एकच वाटते. पाणी कमी झालंय हे त्यांना कळतं कसं?

मृगाचा_बेडूक
हॉर्मोनचं काम आहे हे. पाणी आटलं की गर्दी होते, खायला पुरत नाही, हा ताण मेंदूला कळतो आणि तिथनं सीआरएच नावाचं हॉर्मोन सुटतं. आपल्यात ते मुख्यतः ताणाची हॉर्मोन्स वाढवतं, टॅडपोलमधे मात्र तेच थायरॉइडलाही कामाला लावतं! मग पाय फुटतात, शेपूट विरते, आतडंसुद्धा आखडतं कारण शेवाळ खाणारा आता किडे खाणार. त्यात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हॉर्मोन वाढलं की थायरॉइडच्या थायरॉक्सिन हॉर्मोनचं जास्त जोरकस रूप, टी३, होतं, म्हणून वेग येतो. १९१२ मधे गुडरनाच या शास्त्रज्ञांनी टॅडपोलना थायरॉइड ग्रंथी खायला घातली तर ते चिमुकले असतानाच बेडूक झाले. आणि पाणी कमी करून बघायचे प्रयोग अमेरिकेतल्या स्पेडफूट टोड या भेकांवर झालेत, रॉबर्ट डेन्व्हर यांचं काम, शोधून वाचाच.

सडेवाला_सातारा
मग खोल डबक्यातले कशाला थांबलेत? त्यांनीपण उरकून घ्यावं की.

मृगाचा_बेडूक
घाई केली की अंग लहान राहतं. लहान बेडूक उन्हात लवकर सुकतो, कुणीही गिळतो. शिवाय कॉर्टिकोस्टेरॉन बराच काळ चढं राहिलं तर वाढच खुंटते. पाणी आहे तोवर खाऊन घेणं बरं. सगळ्या जातींना हे जमत नाही पण.

खानापूर_गोठा
आमच्याकडं विट्याच्या बाजूला म्हशीत उलटं बघायला मिळतं. उन्हाळ्यात तिचं थायरॉइड उतरतं, त्यानं शरीरात उष्णता कमी तयार होते, खाणं घटतं आणि दूधपण. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, करणार काय ती. प्रोलॅक्टिन हे दुधाशी संबंधित हॉर्मोन पण त्या दिवसांत चढलेलं असतं, मुका माज (वरून लक्षणं न दिसणारा) जास्त असतो तो याच काळात. लोक म्हैस भाकड म्हणून विकायला काढतात, फार वाईट वाटतं. पहाटे आणि रात्री माज बघा, अंगावर पाणी मारा, दिवस लहान व्हायला लागले की मेलाटोनिन हे अंधारात सुटणारं हॉर्मोन वाढतं आणि बऱ्याच म्हशी आपोआप माजावर येतात.