विषय: गणपतीत नेसलेल्या साड्या – ड्रायक्लीनला द्यायच्या की घरी धुवायच्या?

प्रेषक: लेझीम पथक (नवीन सभासद)

नमस्कार मंडळी,

विसर्जन झालं आणि घरात कपड्यांचा ढीग पडलाय. आईची लग्नातली पैठणी आहे, तिच्या पदरावर आरतीच्या वेळी तुपाचा थेंब पडला. लेझीमला नेसलेली सेमी-पैठणीची शिवलेली नऊवारी घामाने भिजली होती. शिवाय यांची शेरवानी. इथे अमेरिकेतला ड्रायक्लीनर आधी धुण्याच्या सूचनांचं लेबल शोधतो. साडीला लेबल कुठून असणार? मग 'रंग गेला, जरीचे काठ काळे पडले तर जबाबदारी आमची नाही' अशा कागदावर सही मागतो. आईची पैठणी अशी सोडून यायला मन होत नाही. घरी काय करता येईल?

प्रेषक: नाटक विभाग, वेशभूषा

अगं, आधी तिन्ही कपडे वेगळे कर. त्यांचं दुखणं एकच नाही.

पैठणीला पाणी लावूच नकोस. डागावर लगेच कॉर्नस्टार्च भुरभुरव, रात्रभर राहू दे, सकाळी मऊ ब्रशने हलकेच झटक. तूप बरंचसं त्यात ओढलं जातं. चोळू मात्र नकोस, रेशमाची तकाकी त्या जागी कायमची जाते.

नऊवारी घरी धुता येईल, पण दोन गोष्टी बघून. आतल्या शिवणीतून कापडाचा एक सुटा धागा (शिवणीचा दोरा नव्हे) चिमट्यात धरून सिंकवर जाळ. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टर असेल तर निम्मी काळजी मिटली. मग पांढरा रुमाल ओला करून साडीच्या काठावर आणि साडीच्या अंगावर, आतल्या बाजूने, दाबून धर. रुमालाला रंग लागला तर पाणी नाही. गडद काठ आणि फिकट अंग असेल तर ही परीक्षा चुकवायचीच नाही.

रंग टिकला तर टबात थंड पाणी आणि रिठा. बिया काढलेले रिठे रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून घे. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, फार झोंबतं. पाणी तपकिरी होतं, म्हणून मोतिया किंवा फिकट गुलाबी रंगाला मी ते वापरत नाही. तिथे रेशीम-लोकरीसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण बरा. साडी चार-पाच मिनिटं पाण्यात खालीवर करायची, स्वच्छ पाण्यातून काढायची, आणि पिळायची अजिबात नाही. टॉवेलवर पसरून, गुंडाळून, दाबून पाणी काढ. सावलीत वाळव. इस्त्री किंचित दमट असताना, उलट बाजूने, वर मलमल घालून.

प्रेषक: सभासद

आमच्याकडे रंग पक्का व्हायला मिठाच्या पाण्यात भिजवतात. आणि जरीचे काठ काळे पडले तर पितांबरी किंवा टूथपेस्ट. माझ्या ब्लाउजवर हळद सांडली होती, साबण लावला तर डाग लालच झाला! तो कसा काढू?

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत टेक्स्टाईल शिकलेला)

मंडळी, वेशभूषावाल्या वहिनींनी लिहिलंय ते शब्दशः पाळा. मिठाचं मात्र सोडा. रंगवताना मीठ घालतात ते सुती कापडावर रंग चढावा म्हणून. आधीच सुटणारा रंग घरच्या बादलीत मीठ टाकून थांबत नाही. रेशमाला शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घातलं तर चालतं, साबणाचा राहिलेला अल्कलीपणा निघतो.

कारण असं. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं, आणि अनेक डिटर्जंटमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, रक्ताचे आणि अन्नाचे डाग काढायला. त्यांना डाग आणि साडी यांतला फरक कळत नाही. क्लोरीन ब्लीचमध्ये तर रेशीम अक्षरशः विरघळतं.

आता ड्रायक्लीनिंग. तिथे कपडा पाण्याऐवजी द्रावकात फिरवतात. बरीच वर्षं ते द्रावक म्हणजे परक्लोरोएथिलीन, 'पर्क'. कॅलिफोर्नियात ड्रायक्लीनिंगमध्ये ते २०२३ पासून बंद आहे, आणि ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये देशभर दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा नियम जाहीर केला. द्रावक तेल-तूप उत्तम काढतं. पण घामातलं मीठ आणि सरबतातली साखर त्यात विरघळत नाही. कपडा वरून स्वच्छ दिसतो, ते आत राहतं, आणि पुढे इस्त्रीच्या उष्णतेने पिवळं पडतं. काखेतले पिवळे डाग असे पक्के होतात.

म्हणून तुपाची पैठणी ड्रायक्लीनरकडे जावी, घामाची नऊवारी पाण्यात. पैठणी देताना डाग बोटाने दाखवा आणि 'हे तूप आहे' असं सांगा. ड्रायक्लीनर मात्र साड्यांची सवय असलेला निवडा. घरी पेट्रोल किंवा इतर द्रावक वापरून बघायचा विचारही करू नका. पूर्वी लोक वापरत, पण बंद घर आणि ड्रायरची ठिणगी, आग लागायला एवढं पुरतं.

जरीचं काळेपण म्हणजे मळ नव्हे. खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने काळवंडते. पितांबरीने घासलंत तर वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जाईल. नेसताना परफ्यूम जरीवर मारू नका, साडी मलमलीत गुंडाळा आणि घड्या अधूनमधून बदला. यापलीकडे घरी काही करू नये.

हळद साबणाच्या अल्कलीने लाल होते. साबण पूर्ण धुऊन टाका, पुन्हा पिवळी होईल. ब्लाउज सुती, पांढरा असेल तर ओलाच उन्हात ठेवा. ऊन हळदीचा रंग उडवतं. रंगीत किंवा रेशमी असेल तर उन्हात कापडाचाही रंग उडेल, तेव्हा तो जाणकाराकडे द्या.

प्रेषक: लेझीम पथक (नवीन सभासद)

काका, काकू, मनापासून आभार. धागा जाळला, मणी झाला! रुमालाला रंगही लागला नाही. उद्या टब भरते. पण शेरवानीचं काय?

प्रेषक: नाटक विभाग, वेशभूषा

शेरवानी घरी बुडवू नकोस. छातीला आत कॅनव्हास असतो, तो आखडला की पुढा कायमचा फुगतो. वर चिकटवलेले खडे असतील तर ड्रायक्लीनरला तेही सांग, द्रावकाने गोंद सुटतो.

नुसता घामाचा वास असेल तर रंगभूमीवर चालतो तो उपाय कर. व्होडका आणि पाणी निम्मं-निम्मं स्प्रेच्या बाटलीत भर, शेरवानी उलटी करून अस्तराच्या काखेत हलका फवारा मार आणि पंख्याखाली टांग. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून रंग बघ. वास जातो, डाग जात नाही. डाग असेल तर द्यावीच लागेल.

आणि पैठणी पुढच्या रविवारी मंडळाच्या ग्रंथालयाच्या वेळेत घेऊन ये. खिडकीच्या उजेडात जर आणि डाग दोन्ही बघू. आमच्या नाटकांच्या साड्या ज्याच्याकडे जातात त्याचा पत्ता देते, तो लेबल मागत नाही.